पूजा झाली, दुकान नाही

घाटनांदूरच्या नव्या पेठेचं शेटेपण आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला मिळेल, हा विचार महारुद्र आप्पांच्या मनाला कधी शिवलासुद्धा नव्हता. शेटेपण म्हणजे काही थट्टा नव्हे. बाजाराच्या दिवशी पहिला तराजू शेटाने उचलायचा, मग बाकीच्यांनी. आलेल्या प्रत्येक गाडीतला पसाभर माल शेटाच्या ओट्यावर पडायचा. पेठेत नवं दुकान निघालं तर शेटाने स्वतः जाऊन त्याचा तराजू उचलल्याखेरीज ते दुकान म्हणून धरलं जायचं नाही. आणि हा मान एका माणसापुरता नव्हे, पुढे लेकराबाळांना चालत जाणारा.

आता आप्पांच्या घरी पसाभर मालाची वाण होती असं नाही. त्यांना भूक होती ती पहिलेपणाची. मोमिनाबादेत त्यांच्या वडिलांची किराण्याची गादी होती, तिच्यावर थोरले बंधू शिवलिंगआप्पा बसले. घरी जंगमस्वामी आले की पाद्यपूजा थोरल्यांनी करायची आणि आप्पांनी तांब्या धरून उभं राहायचं. पंगतीत पहिलं पान थोरल्यांचं. देणंघेणं करायला आलेला माणूससुद्धा आप्पांना पाहून विचारायचा, "धाकले, थोरले कुठं हायत?" केस पांढरे झाले तरी माणूस धाकलाच. शेवटी आप्पांनी वाटणीची भांडीकुंडी गाडीत घातली आणि बायको उमाबाईला घेऊन घाटनांदूर गाठलं.

त्यात निजाम सरकारच्या तहसिलीतून दवंडी आली. घाटनांदुरात ओढ्यापलीकडे नवी पेठ वसवायला मंजुरी मिळाली आहे, आणि पेठेत ज्याचं दुकान पहिलं लागेल त्याला शेटेपण दिलं जाईल. रेल्वे येणार अशी एक आवई तेव्हा त्या भागात उठलेली होती. ती दर दोन-तीन वर्षांनी उठायची, पण माणसांना बरं वाटायचं. आप्पांना दवंडी ऐकून रेल्वे दिसली नाही. त्यांना दिसले शिवलिंगआप्पा, घाटनांदूरच्या बाजारात धाकट्या भावाचा तराजू कधी उचलला जातो याची वाट बघत उभे असलेले.

पेठेसाठी हाताशी जोडीदार हवा म्हणून आप्पांनी मोहनराव देशमुखांना भागीदार घेतलं. मोहनराव हे जमीनजुमला असलेलं मोठं प्रस्थ. एका बांधासाठी औरंगाबादच्या कोर्टात वर्षानुवर्षं भांडून त्यांनी तो बांध घालवला होता, पण त्या भरात कायदा मात्र पुष्कळ कमावला होता. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. इंग्रजी अमलातल्या बार्शीच्या पेठेत मोहनरावांनी कुठे तरी 'कंपनी' असा शब्द पाहिला आणि तो त्यांना फार आवडला. बार्शीच्याच रंगाऱ्याकडून पाटी करून आली, 'महारुद्र मोहन आणि कंपनी'. कंपनी म्हणजे नेमकं कोण, असं उमाबाईने विचारलं तेव्हा दोघा भागीदारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय बदलला.

मुहूर्ताचा प्रश्नच नव्हता. नवं काही काढायचं तर दसरा. त्या दिवशी पंचांगसुद्धा उघडावं लागत नाही. थोरल्यांना निरोप मात्र आप्पांनी कोजागिरीचा धाडला, कारण त्या दिवशी पेठेचा पहिला बाजार भरणार होता आणि शेटेपण द्यायला तहसीलदार जातीने येणार होते.

पेठेत जागा आखून झाल्यावर आप्पांच्या शेजारची चिंचोळी जागा बसम्माने घेतली. बसम्मा आप्पांच्या चुलतभावाची विधवा, माहेर बीदरकडचं. आप्पा तिला वैनी म्हणायचे, ती त्यांना भावजी. चार पोती उसवून तिने सावली केली, खाली मीठ, तेलाची बुधली आणि तंबाखू मांडली. तिलाही दसऱ्यालाच दुकान घालायचं होतं. आप्पांनी आदल्या दिवशी जाऊन तिला गोडीत बजावलं की वैनी, माझा तराजू उचलून होऊ द्या, मग तुमचं माप उचला. बसम्मा बरं म्हणाली. तिला पहिलं-दुसरं याचं काही नव्हतं. मीठ खपलं म्हणजे झालं.

दसऱ्याला सकाळी आप्पांनी कपाळाला विभूती ओढली, तराजूला झेंडूची माळ घातली, गळ्यातल्या लिंगाला हात लावून नमस्कार केला आणि साऱ्या गावादेखत तराजू उचलला. मोहनरावांनी पाच शेर गूळ घेऊन बोहनी केली. लोकांनी आपट्याची पानं दिली-घेतली. दोन-चार म्हाताऱ्यांनी 'शेट' अशी हाकही मारून पाहिली. आप्पांना ती इतकी गोड लागली की त्यांनी म्हाताऱ्यांना गूळ थोडा जास्तच तोलून दिला. त्यानंतर पलीकडे बसम्माने माप उचललं, तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

दुपारी तहसिलीचे पेशकार, म्हणजे तहसीलदारांचे कारकून, घोड्यावरून आले. बारीक अंगाचे, तोंडात विडा आणि बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याला आधी भीतीच वाटत नसे. ओट्यावर बसून त्यांनी आप्पांचं अभिनंदन केलं, गूळ खाल्ला, पाणी प्यायले आणि मग मोहतर्फ्याचं काढलं. मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा सरकारी कर. नव्या दुकानाला तो लागू होता आणि या सालचा पुरा भरायचा होता.

यात आप्पांना काही वावगं वाटलं नाही. पण पेशकारांनी पुढे शांतपणे सांगितलं की सरकारी फसली साल आबान महिन्याअखेर संपतं, आणि आबान सरायला आता चारच दिवस उरले आहेत. आजूर लागला की नवं साल, त्याचा मोहतर्फा पुन्हा वेगळा.

"म्हंजी ह्या चार दिसाचा कर बारा म्हयन्यांएवढा?" आप्पांनी विचारलं.

"साल चार दिवसांचं असलं तरी सालच असतंय, आप्पा. तुकड्याचा मोहतर्फा सरकारात न्हाई."

"पण आमचं साल तर पाडव्याला लागतंय."

"तुमचं साल तुमच्या वहीपुरतं," पेशकार म्हणाले आणि त्यांनी दुसरा विडा उघडला.

पाळण्यातल्या लेकराकडे दाढीची करणावळ मागावी, तसा हा प्रकार होता. कर भारी होता हे खरं, पण दुकान विकायची पाळी यावी इतका भारी नव्हता. आप्पांना सलत होतं ते दुसरंच. चार दिवसांसाठी वर्षाचे पैसे मोजले हे मोमिनाबादेत कळलं, तर थोरले गादीवर बसून किती दिवस हसतील याचा त्यांना अंदाज करवेना. त्यांनी मोहनरावांकडे पाहिलं. मोहनरावांच्या डोळ्यांत औरंगाबादचं कोर्ट चमकलं. ते आप्पांना पोत्यांमागे घेऊन गेले.

"दुकान उगडलंच न्हाई म्हना," मोहनराव कुजबुजले. "निस्ती तराजूची पूजा केली. आज न्हावी बी वस्तरा पुजतोय, सुतार वाकस पुजतोय. म्हनून काय त्यांनी आज धंदा काढला व्हय? आजूर लागला की कोजागिरीला उगडायचं. एकाच सालाचा कर, दोन सालांचा न्हाई."

आप्पांना हे पटलं. खरं तर त्यांना त्या घटकेला काहीही पटलं असतं. गावाच्या हिशेबी दुकान दसऱ्याला उघडलं, सरकारच्या हिशेबी कोजागिरीला उघडेल, यात कुणाचं काय बिघडतं? मान द्यायचा तो गावाच्या हिशेबाने, कर द्यायचा तो सरकारच्या. ते ओट्यावर परत आले आणि म्हणाले की साहेब, दुकान अजून उघडलेलं नाही, नुसती पूजा झाली.

पेशकारांनी समोरच्या गुळाच्या खड्याकडे पाहिलं. "मग हा?"

"परसाद," आप्पा म्हणाले.

"आणि तराजूपुढचे हे पैसे?"

"दक्षणा."

पेशकार हसले नाहीत. दसऱ्याला केवळ पूजा झाली, दुकान उघडलं नाही, असा जबाब त्यांनी लिहून घेतला आणि आप्पांनी त्याखाली मोडीत झोकदार सही केली. मग पेशकारांनी पेठेवरून नजर फिरवली आणि सहज विचारलं, की म्हणजे पेठेत अजून एकही दुकान लागलेलं नाही, असं समजायचं का? या प्रश्नाला नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण गूळ समोर, गिऱ्हाईक समोर, पेशकारांची नजर तराजूवर. आप्पांना ती नजर दुसरीकडे न्यायची होती. त्यांचा हात आपसूक वर झाला आणि बोट शेजारच्या पोत्यांच्या सावलीकडे गेलं.

"ते चालू हाय साहेब. सकाळधरनं मीठ इकतंय."

बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं. फार नाही, पण वाटलं.

पेशकार बसम्माकडे गेले. बाई एकटी आहे हे पाहून त्यांनी तिला बाहेर पडायची वाटही दाखवली. शेजारच्या आप्पांनी नुसती पूजाच केली म्हणून सांगितलंय, तुझंही तसंच काही असेल तर सांग, मी लिहून घेतो, असं ते म्हणाले. बसम्मा मिठाचे हात पदराला पुसत उभी राहिली.

"शिवाचं नाव घेऊन माप उचललं, मीठ इकलं, पैसं घेतलं," ती म्हणाली. "आता न्हाई उगडलं कसं म्हनू? दुकानच न्हाई, तर मी पूजा तरी कशाची केली?"

मिठाचं पुढचं पोतं आणायला बाजूला ठेवलेले पैसे तिने गाठोडीतून सोडले आणि पेशकारांच्या पुढ्यात ठेवले. पावती मिळाली ती उर्दूत. ती तिने वाचता येत असल्यासारखी नीट पाहिली आणि कमरेला खोचली. सगळी पेठ तिला हसली. मोहनराव तर डोळ्यांत पाणी येईतो हसले. चार दिवसांसाठी वर्षाचा कर भरणारं माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आप्पा हसले नाहीत. ते पाटीवरची धूळ पुसत राहिले, पाटी नवी कोरी होती तरी.

जाताना पेशकारांनी आश्रुबा नावाचा शिपाई पेठेत ठेवला. आबान सरेपर्यंत आप्पांच्या दुकानी विक्री होते का, एवढंच त्याने बघायचं. आश्रुबा समोरच्या लिंबाखाली घोंगडी टाकून बसला आणि आप्पांची खरी परीक्षा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाई गूळ मागायला आली. आप्पांनी दुकान बंद असल्याचं सांगितलं. भिवराबाईने उघड्या फळ्यांकडे, तराजूकडे, गुळाच्या ढेपांकडे आणि आप्पांकडे पाहिलं आणि विचारलं, "मग तुमी कावून बसलाव?" बरं, मुहूर्त करून बसलेल्या दुकानातून दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत लावायचं, म्हणजे वर्षभराला अपशकुन. आणि पैसे घ्यावेत तर लिंबाखाली आश्रुबा. आप्पांनी मोठा खडा फोडून भिवराबाईच्या पदरात टाकला आणि आश्रुबाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "परसाद हाय, घ्या."

भिवराबाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दुपारपर्यंत ओढ्याअलीकडचं निम्मं गाव भाविक झालं. आणखी एक दिवस गेला तशी शेजारच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं यायला लागली. कुणी लेकरू आजारी म्हणून परसाद मागे, कुणी पाहुणे आलेत म्हणून. एकाने मिरच्यांचा परसाद मिळेल का म्हणून चौकशी केली. आश्रुबा दोन वेळा खाऊन तिसऱ्या वेळेला घरी न्यायला मागे, आणि त्याला नाही म्हणायची तर सोयच नव्हती. आप्पा गूळ फोडत होते आणि चेहऱ्यावर भक्तिभाव ठेवायची शिकस्त करत होते. मोहनराव त्या दिवसांत फिरकले नाहीत. शेतात काम निघालं असा त्यांचा निरोप होता.

पलीकडे बसम्माचं मीठ संपत आलं होतं. नवं पोतं आणायला पैसे नव्हते. उरलेली तंबाखू ती चिमटी-चिमटीने विकत होती आणि बाकीचा वेळ रिकाम्या पोत्याची शिवण घालत होती. आपल्याकडचं मिठाचं एक पोतं तिच्याकडे लोटावं असं आप्पांच्या मनात दोनदा आलं. पण बंद दुकानातून पोतं बाहेर कसं काढायचं, हा कायदेशीर मुद्दा आडवा आला. असले मुद्दे अशा वेळी बरोबर आडवे येतात.

उमाबाई हे सगळं बघत होती. आबान संपला त्या संध्याकाळी तिने गुळाच्या कोपऱ्यात उरलेली एकुलती ढेप हलवून पाहिली. "कर दिला असता तर कर गेला असता," ती म्हणाली. "आता गूळ बी गेला." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "त्याचं बी काही न्हाई. पण जाऊबाईकडं बोट कावून दाखवलं तुमी?"

आप्पा म्हणाले की कोजागिरीला एकदा शेट झालो की वैनींना दोन पोती मीठ देईन. उमाबाईने ती एकुलती ढेप उचलून आत नेली.

कोजागिरीला पेठ नुसती फुलून गेली. तहसीलदारांसाठी कनात लावलेली, पेशकार शेजारी. मोमिनाबादेहून शिवलिंगआप्पा बैलांच्या धमनीत बसून आले. आप्पांनी त्यांना कनातीच्या अगदी पुढे गादी घालून दिली, म्हणजे नीट दिसावं. स्वतः जरीचा फेटा बांधला. मोहनरावही उगवले आणि भागीदाराच्या थाटात उभे राहिले.

पेशकारांनी हुकूम वाचला. पेठ मंजूर झाली त्या फसली सालात पेठेत एकच दुकान सरकारदरबारी लागलेलं आहे आणि त्याचा मोहतर्फा पुरा भरलेला आहे. ते दुकान मीठ-तंबाखूचं, मालक बसम्मा. सबब पेठेचं शेटेपण बसम्माकडे.

आप्पांना आधी वाटलं की नाव चुकून वाचलं गेलं. मग त्यांना सगळं एकदम समजलं. ते पुढे झाले. "साहेब, पयलं दुकान माजं हाय," ते म्हणाले. "दसऱ्याला साऱ्या गावादेखत उगडलं. तिच्या आदी. इचारा कुनाला बी."

"उघडलं होतं?" पेशकारांनी मऊपणे विचारलं. "मला तर तुमी सांगितलं, पूजा झाली. सही बी तुमचीच हाय."

"ते... ते कर चुकवायला म्हनलं साहेब." हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा गादीवर बसलेले थोरले बंधू जरा पुढे वाकले. आप्पांनी तिकडे पाहायचं टाळलं. "खोटं बोललो. मागल्या सालचा पुरा मोहतर्फा आत्ता भरतो. दंड काय आसंल तो भरतो. दुप्पट घ्या. पन लिहून घ्या, की दसऱ्याला उगडलं."

तहसीलदारांनी प्रथमच मान वर करून या माणसाकडे पाहिलं. कर चुकवणारे त्यांनी रोज पाहिले होते. कर घ्या म्हणून हात जोडणारा बहुधा पहिलाच असावा. ते पेशकारांच्या कानात काही बोलले.

"साहेब म्हणतात, दंडाचं ते माफ करतात," पेशकार म्हणाले. "पण आबान सरला, आप्पा. गेलं साल मोहोर लागून बंद झालं. बंद सालात आता एक पैसा बी घालता येत न्हाई."

आप्पांनी मोहनरावांकडे पाहिलं. मोहनराव बाजारातल्या एका बैलाचे दात फार बारकाईने बघत होते.

मग पेठेच्या रिवाजाप्रमाणे शेटाने दुकानं धरायला सुरुवात झाली. बसम्माला कुणी तरी नवं लुगडं आणून दिलं होतं, पण ती जुन्यावरच आली. तिच्यामागे आश्रुबा नारळांची टोपली घेऊन चालत होता, आणि त्याच्यामागे उभा बाजार. पहिलंच दुकान शेजारचं. 'महारुद्र मोहन आणि कंपनी' या पाटीखाली जरीच्या फेट्यात कंपनी एकटीच उभी होती. उमाबाई पदर सावरून दारात आली आणि तिने खाली वाकून जावेला नमस्कार केला.

बसम्माने तराजूला हात घातला आणि ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, डाव साधल्याचा आनंदही नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "आज दुकान उगडायचं हाय, का निस्ती पूजा?"

शिवलिंगआप्पा गादीवरून उठून गर्दीच्या कडेला येऊन उभे राहिले होते. मागून कुणी तरी त्यांना विचारलं, हे कोण? "आमचे धाकले," थोरले म्हणाले.

"उगडायचं हाय, वैनी," आप्पा म्हणाले. आवाज त्यांच्याच फेट्याच्या पदरात अडकला.

"मोठ्यानं म्हना. पेशकारसायबांना लिहायचं आसतंय."

आप्पांनी मोठ्याने म्हटलं. बसम्माने तराजू उचलला, नारळ फुटला, आणि पेशकारांनी घाटनांदूरच्या नव्या पेठेतलं दुसरं दुकान लिहून घेतलं.